मुंबईच्या जुन्या दफनभूमी: कुठून सुरुवात करावी, काय वाचावं आणि कुठे आत शिरू नये

मुंबईत लोक हौसेने किल्ले बघतात, गिरगावातल्या चाळींचे फोटो काढतात, इराण्याचा बनमस्का शोधत फिरतात. पण 'रविवारी सकाळी शिवडीच्या सिमेटरीत चाललोय' असं सांगितलं की घरातून पहिला प्रश्न येतो, 'तिथं काय ठेवलंय?' आणि दुसरी सूचना, 'आल्यावर आधी आंघोळ कर.' आंघोळ करा, मुंबईच्या घामाने ती तशीही करावीच लागते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र जरा लांबलचक आहे.

या शहरात जिवंत माणसाला जागेसाठी जेवढी धडपड करावी लागते, तेवढीच मेलेल्यांच्या वाट्यालाही आली आहे. इथल्या दफनभूमी सरकल्या, बुजल्या, काहींतून अस्थी उचलून दुसऱ्या गावी नेल्या. म्हणून नावाजलेल्या माणसांच्या कबरींची यादी हातात घेऊन हिंडण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. जागा कशी हलत गेली तो धागा पकडून फिरलात तर शहर उलगडत जातं. पुढचा सगळा कार्यक्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

निघण्याआधी: जागांचा क्रम

१६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. इंग्रजांची पहिली दफनभूमी कोटाबाहेर दक्षिणेला, आजच्या कूपरेजच्या बाजूला होती. तिला मेंडहॅम्स पॉइंट म्हणत. ती लवकरच भरली, कारण हवा आणि पाणी यांनी माणसं पटापट जात. १६८९ च्या सुमाराला इथे आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने तेव्हाची एक म्हण नोंदवून ठेवली आहे: दोन पावसाळे हेच इथल्या माणसाचं आयुष्य. त्या दफनभूमीचा आज मागमूसही नाही. फुटबॉलची मॅच बघायला कूपरेजला गेलात तर एवढं आठवून पुढे चला, बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

त्यानंतर, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गोऱ्यांची दफनभूमी सोनापूरला, म्हणजे आजच्या मरीन लाइन्सच्या पट्ट्यात गेली. हिंदूंचं स्मशान आणि मुसलमानांचं कब्रस्तानही त्याच बाजूला. तेव्हा हा भाग वस्तीबाहेर होता. पण गिरगाव, धोबीतलाव वाढत गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोनापूर ऐन वस्तीत आलं. साथी, दुर्गंधी, आरोग्य या कारणांवरून हे सगळं उचलून शिवडीला न्यावं असं सरकारच्या मनात आलं. गिरगावातून खांद्यावर तिरडी घेऊन शिवडीपर्यंत चालायचं, हे गरिबाला कसं परवडणार? नाना शंकरशेटांनी हा प्रश्न लावून धरला आणि हिंदूंचं स्मशान सोनापूरलाच राहिलं. मरीन लाइन्स स्टेशनाजवळची चंदनवाडी आजही तिथेच आहे, तिच्यामागे ही हकीकत आहे.

गोऱ्यांची दफनभूमी मात्र हलली. शिवडीला ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची वनस्पतींची बाग होती, ती जागा दफनभूमीसाठी घेण्यात आली आणि सोसायटीला बदल्यात भायखळ्याला जमीन मिळाली. ती भायखळ्याची जमीन म्हणजे आपली राणीची बाग, १८६२ साली लोकांसाठी खुली झालेली. पोरांना पेंग्विन दाखवायला आपण जिथे रांग लावतो, ती बाग शिवडीच्या कबरींमुळे तिथे आहे. हे एवढं डोक्यात ठेवलंत तर पुढे पाहिलेलं जागच्या जागी बसतं.

पहिली सकाळ: सेंट थॉमस कॅथेड्रल

एकदम शिवडीला जाऊ नका. तिथे दगड हजारो, त्यातले बरेच झिजलेले, वर ऊन. नवख्या माणसाला तासाभरात कंटाळा येतो. दगड वाचायचा सराव आधी सावलीत करावा आणि त्यासाठी फोर्टातल्या हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथेड्रलसारखी जागा नाही. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत पोचता येतं. १७१८ च्या नाताळात हे चर्च सुरू झालं. आत भिंतीभर संगमरवरी स्मारकं आहेत आणि अक्षरं अजून टवटवीत आहेत.

इथे पहिली गोष्ट शिकायची ती ही की स्मारक आणि कबर एक नव्हे. भिंतीवर ज्याचं नाव आहे तो त्या भिंतीखाली असेलच असं नाही. कित्येक जण समुद्रात, लढाईत किंवा परतीच्या जहाजावर गेले. कॅप्टन हार्डिंजचं स्मारक शोधा. १८०८ मध्ये सिलोनजवळच्या समुद्रात 'पीएमाँतेझ' ही फ्रेंच युद्धनौका पकडताना तो मारला गेला. मग गव्हर्नर जोनाथन डंकनचं बघा. तो १८११ मध्ये इथेच वारला. काशी आणि काठेवाड भागातली मुलींना जन्मतःच मारण्याची चाल बंद पाडल्याचं श्रेय त्याच्या स्मारकावर दिलेलं आहे. त्या काळातले राज्यकर्ते स्वतःबद्दल काय लिहून ठेवत, कोणत्या कामाचा डंका पिटत, ते अशा मजकुरातून कळतं. स्मारकावरचा मजकूर हा सरकारी गौरवपत्रासारखा वाचावा: खरं असतं, पण निवडून घेतलेलं.

प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसून राहा. फोटोसाठी आधी विचारा.

दगड वाचायचा कसा

सोबत न्यायच्या वस्तू थोड्याच: वही, पेन्सिल, पाण्याची बाटली, बंद बूट, डासांचं मलम, टोपी किंवा रुमाल, आणि एक साधी बॅटरी. बॅटरीचा उपयोग अंधारासाठी नाही. झिजलेल्या अक्षरांवर समोरून उजेड पडला की ती दिसेनाशी होतात. बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर, उजेड टाकला की प्रत्येक खाचेत सावली पडते आणि नाव उठून येतं. सकाळी आठच्या सुमारास किंवा संध्याकाळी साडेचारनंतर सूर्य हेच काम फुकट करतो. म्हणून दुपारी बारा वाजता दफनभूमीत जाणाऱ्याला डोकेदुखीपलीकडे काही मिळत नाही.

संगमरवरावर बऱ्याचदा अक्षरं कोरून त्यात शिसं भरलेलं असे. समुद्राची खारी हवा आणि चोर या दोघांनी मिळून ते शिसं काढलं. पण शिसं पकडून ठेवायला अक्षराच्या टोकांना बारीक भोकं पाडलेली असतात, ती राहतात. त्या भोकांची मांडणी बघून अक्षर ओळखता येतं. एकदा जमलं की कोरी वाटणारी पाटीसुद्धा बोलू लागते.

खडू, राख, दाढीचा फेस, ॲसिड, तारेचा ब्रश यातलं काहीही दगडाला लावू नका. परदेशी व्हिडिओंत दाखवतात म्हणून कागद ठेवून कोळशाने ठसा घेण्याचा मोहही टाळा. मुंबईतल्या मऊ वालुकाश्माचे पापुद्रे आधीच सुटत असतात, हाताच्या दाबाने शंभर वर्षांचं नाव निघून येईल. तिथल्या माणसाने परवानगी दिली तर नुसतं पाणी शिंपडा. ओला दगड गडद होतो आणि खाचा दिसतात, तेवढं पुरे.

सालाचा घोळ सगळ्यात जास्त होतो, कारण मुंबईत पाचसहा कालगणना शेजारी-शेजारी नांदतात. ढोबळ हिशेब असा. शके असेल तर ७८ मिळवा. हिब्रू साल असेल तर ३७६० वजा करा, म्हणजे ५६६० हे साधारण १९००. हिब्रूत आकड्यांऐवजी अक्षरं वापरतात आणि हजारांचा आकडा पुष्कळदा लिहीतच नाहीत, हे लक्षात ठेवा. हिजरी साल चांद्र असल्यामुळे सरळ बेरीज चालत नाही: त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, १३०० हिजरी म्हणजे १८८३ च्या आसपास. पारशी यज्दगर्दी सालात ६३० मिळवा. जपानी दगडावर मेइजी काळाचं वर्ष असेल तर त्यात १८६७ मिळवायचे.

चिन्हांचाही थोडा परिचय असावा. मधूनच तुटलेला खांब म्हणजे माणूस ऐन उमेदीत गेला. कापड पांघरलेला कलश हे शोकाचं चिन्ह. जहाजाचा नांगर दिसला की लगेच 'खलाशी असणार' असं ठरवू नका, ख्रिस्ती परंपरेत नांगर आशेचंही प्रतीक आहे. 'आय.एच.एस.' ही येशूच्या ग्रीक नावातली पहिली तीन अक्षरं. ज्यू कबरींवर बोटं फाकवलेले दोन पंजे असतील तर तो माणूस कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातला.

शिवडी: अख्खी सकाळ राखून ठेवा

हार्बर लाइनने शिवडीला उतरा. स्टेशनाजवळ कुणालाही 'ख्रिश्चन सिमेटरी' विचारा, सांगतात. फाटकावर गेल्यावर सरळ आत घुसू नका. आधी ऑफिस गाठा, बंद असेल तर वॉचमनला सांगा: 'काका, जुन्या कबरी बघायला आलोय, कुणाला विचारायला लागेल?' एवढ्या एका वाक्याने अर्धं काम होतं. कॅमेऱ्याची मोठी बॅग, ट्रायपॉड आणि आठदहा जणांचा घोळका घेऊन गेलात तर परवानगीपत्र मागणारच, आणि ते बरोबरही आहे. ही रोज वापरातली दफनभूमी आहे. अंत्यविधी चालू असेल तर दूरच्या कोपऱ्यात जा किंवा बाहेर येऊन चहा घ्या.

१८६५ साली, आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर असताना, ही जागा दफनभूमी म्हणून सुरू झाली. त्याच्या नावाचं मार्केट सगळ्यांना ठाऊक असतं, ही दफनभूमी त्याचंच काम, हे फारसं कुणी सांगत नाही. मुंबईला तिचा चेहरा देणारे दोन वास्तुरचनाकार इथे आहेत. एक फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, व्हीटी स्टेशन आणि समोरची महापालिकेची इमारत उभारणारा. मलेरियाने १९०० साली मुंबईतच वारला. दुसरा जॉर्ज विटेट, गेटवे ऑफ इंडियाचा. गेटवे १९२४ मध्ये पुरा झाला आणि दोन वर्षांत, पन्नाशीही न गाठता, विटेट गेला. रोज लाखो माणसं ज्या स्टेशनातून धावतात, ते बांधणाऱ्याच्या कबरीपाशी तुम्ही बहुधा एकटेच असाल. कवी डॉम मोराएसही इथेच, २००४ साली गेले. या कबरी स्वतः शोधत बसू नका, ऑफिसात किंवा जुन्या माळ्याला विचारा.

पण एवढ्यावर परत फिरलात तर शिवडी पाहिलीच नाही असं मी म्हणेन. एक जुनी रांग निवडा आणि त्या रांगेतल्या प्रत्येक कबरीचं साल, वय, गाव आणि धंदा वहीत लिहा. गाळायचं काहीच नाही. वीसपंचवीस नोंदी झाल्या की आकडे काहीतरी सांगू लागतात. १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवीत प्लेग दिसला आणि पुढची कित्येक वर्षं तो शहरात ठाण मांडून होता. १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाने शहर झोडपलं. त्या सालांच्या कबरी किती, आणि त्यातली माणसं किती वयाची? साधारण वर्षात बाळं आणि म्हातारे जास्त जातात, १९१८ च्या साथीत मात्र धडधाकट तरुण फार गेले. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि रांगेत उभं राहून वयं उतरवणं वेगळं. लहान मुलांच्या कबरींशी मात्र जरा सांभाळून. मला तिथे लिहिण्याचा हुरूप टिकवता येत नाही.

एक रिकामपणही इथे समजून घ्यायचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत मरण पावलेल्या सैनिकांच्या कबरी शिवडीला होत्या. त्यांची नीट निगा राखणं जमेना म्हणून १९६२ च्या एप्रिलमध्ये ६२९ जणांचे अवशेष इथून उचलून पुण्याजवळ खडकीच्या युद्ध दफनभूमीत नेले. पुण्याला जाणं होईल तेव्हा खडकीला जाऊन या, तिथल्या स्मारकावर त्यांची नावं आहेत. शिवडीची अर्धवट राहिलेली नोंद अशी दीडशे किलोमीटरवर पुरी होते.

नोव्हेंबरची २ तारीख हा मृतांचा दिवस. त्याच्या आधीच्या आठवड्यात कबरी धुतल्या जातात, गवत काढलं जातं, आणि त्या दिवशी फुलं आणि मेणबत्त्यांनी सगळ्या ख्रिस्ती दफनभूमी भरून जातात. नुसतं बघायला जाणाऱ्याने २ तारखेऐवजी ३ तारखेची सकाळ धरावी. घरच्यांची गर्दी ओसरलेली असते, दगड नुकतेच स्वच्छ झालेले असतात आणि पावसाळा संपल्यामुळे पायवाटा मोकळ्या असतात.

सगळ्याच कबरी कायमच्या नसतात, हेही कळून घ्या. जागा नसल्यामुळे मुंबईतल्या बऱ्याच ख्रिस्ती दफनभूमींत ठरावीक काळाने कबर उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि जागा दुसऱ्याला देतात. त्या कोनाड्यांच्या भिंतीही वाचा. बांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात संध्याकाळी चक्कर मारलीत तर ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घराण्यांची आडनावं एकाच जागी भेटतात. तिथला एकाच दगडातून घडवलेला उंच क्रूसही बघा, त्यावर येशूच्या यातनांची चिन्हं कोरली आहेत.

वरळी आणि चिंचपोकळी: मराठी माणसाने चुकवू नये असा भाग

ज्यू दफनभूमीत शनिवारी जायचं नाही, शुक्रवारी दुपारनंतरही नाही आणि त्यांच्या सणांनाही नाही. पुरुषांनी डोकं झाकावं. कबरीवर ठेवलेले लहान खडे उचलू नका, ते कुणीतरी भेटून गेल्याची खूण म्हणून ठेवलेले असतात. बाहेर पडताना हात धुण्याची रीत आहे.

वरळीला डॉ. ई. मोझेस मार्गावर बेने इस्रायलांची दफनभूमी आहे. रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते डॉ. एलिजा मोझेस याच समाजातले, १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर. बेने इस्रायल म्हणजे कोकणातले, विशेषतः अलिबाग-रोहा भागातले ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबईत येऊन ते पलटणीत, रेल्वेत, कारखान्यांत आणि कचेऱ्यांत शिरले. घरात मराठी बोलणारी ही माणसं. त्यामुळे इथल्या जुन्या दगडांवर वर हिब्रू आणि खाली देवनागरी मराठी असा मजकूर सापडतो, आडनावं गावावरून पडलेली, शेवटी 'कर'. हिब्रू येत नसलं तरी तुम्हाला इथे दुभाष्याची गरज पडत नाही. आडनावांतली गावं उतरवून घ्या आणि घरी रायगड जिल्ह्याच्या नकाशावर खुणा करा. सुट्टीच्या दिवशी याहून चांगला उद्योग मला तरी सुचलेला नाही.

चिंचपोकळीची ज्यू दफनभूमी वेगळ्या वळणाची आहे. ही बगदादी ज्यूंची. एलियास डेव्हिड ससून यांनी १८७८ मध्ये आपल्या जोसेफ या मुलाच्या स्मरणार्थ ती समाजाला दिली. मुलगा शांघायला वारला होता. बगदादहून मुंबई, मुंबईहून शांघाय आणि हाँगकाँग, पुढे लंडन: कापूस आणि अफूच्या व्यापाराची ही वाट त्या एका स्मरणलेखात मावते. दगडावर जन्मगाव असेल तर अवश्य लिहून घ्या. ससून घराण्याचा मूळ पुरुष डेव्हिड ससून मात्र इथे नाही. तो १८६४ मध्ये पुण्यात गेला आणि तिथल्या लाल देवळाच्या आवारात त्याची समाधी आहे.

वरळीच्याच पट्ट्यात जपानी दफनभूमीही आहे. १८९३ मध्ये मुंबई ते कोबे अशी जहाजांची फेरी सुरू झाली, ती मुख्यतः इथल्या कापसासाठी. त्या मागोमाग आलेले खलाशी, व्यापारी आणि गरिबीमुळे देहविक्रयाच्या धंद्यात ढकललेल्या बायका इथे परत न जाता राहिल्या. अँटॉप हिलला चिनी दफनभूमी आहे. तिथे एप्रिलच्या सुरुवातीला चिंगमिंगच्या दिवसांत मुंबईतली चिनी कुटुंबं पूर्वजांच्या कबरी स्वच्छ करायला येतात. या दोन्ही जागा लहान आहेत आणि समाजही मूठभर. ओळखीतून गेलात तर उत्तम, नाहीतर बाहेरूनच नमस्कार करा.

माझगाव, भेंडी बाजार आणि दर्गे

मुस्लिम कब्रस्तानांत नियम जागोजागी बदलतात. बऱ्याच ठिकाणी बायकांना आत सोडत नाहीत. फाटकावर विचारा, वाद घालू नका, आणि कबरीवर पाय पडणार नाही याची काळजी घ्या. कबर खोदणाऱ्याला गोरकन म्हणतात, आणि कुठली कबर कुठे आहे ते ऑफिसच्या रजिस्टरपेक्षा त्यालाच जास्त माहीत असतं.

माझगावात दोन जागा आहेत. हसनाबादला पहिल्या आगाखानांचा मकबरा आहे, ते १८८१ मध्ये वारले. आरामबागच्या खोजा इस्नाअशरी कब्रस्तानात रत्तनबाई, म्हणजे बॅरिस्टर जीनांच्या पत्नी रुट्टी. मलबार हिलच्या पेटिट या पारशी घराण्यातली ही मुलगी २० फेब्रुवारी १९२९ ला, आपल्या एकोणतिसाव्या वाढदिवशीच गेली. दोन्ही जागा त्या त्या समाजाच्या खासगी आहेत, आधी विचारल्याशिवाय जाऊ नका. भेंडी बाजारातला रौदत ताहेरा हा बोहरा समाजाचा मकबरा. सय्यदना ताहेर सैफुद्दीन १९६५ मध्ये गेले, त्यांच्यासाठी तो बांधला. आतल्या संगमरवरी भिंतींवर संपूर्ण कुराण कोरलेलं आहे. पोशाख अंगभर हवा, डोकं झाकलेलं हवं.

मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात नर्गिस आणि मेहबूब खान आहेत. जुहूच्या कब्रस्तानात मोहम्मद रफी आणि मधुबाला होते. 'होते' असं लिहावं लागतं, कारण जागा कमी पडल्यावर २०१० च्या सुमाराला तिथल्या जुन्या कबरी मोडून माती टाकण्यात आली. रफींची जागा चाहते आता जवळच्या नारळाच्या झाडावरून ओळखतात. ज्याचा आवाज घराघरात आहे, त्यालाही या शहरात सहा फूट जमीन कायमची मिळाली नाही.

दर्गे बघायला परवानगीची गरज नाही. माहीमच्या मखदूम अली माहिमींच्या उरुसात पहिली चादर मुंबई पोलिसांची असते. हाजी अलीला जाताना भरतीची वेळ बघून निघा, वाट पाण्याखाली जाते. तिथे मजारीपर्यंत जायला बायकांना असलेली बंदी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उठवली.

जिथे आत जायचं नाही

मलबार हिलच्या डुंगरवाडीत, पारशी जिथे मृतदेह ठेवतात त्या दख्म्यांकडे, परधर्मीयांना प्रवेश नाही. भिंतीवरून डोकावणं, ड्रोन उडवणं, शेजारच्या इमारतीच्या गच्चीतून फोटो काढणं, हे सगळं असभ्यपणाचं आहे आणि त्याला इतिहासाची आवड म्हणू नये. चंदनवाडीतही हिंडायला जाऊ नका. ते चालू स्मशान आहे. तिथे आपण जायचं ते कुणाला पोचवायला.

मग हिंदूंच्या जुन्या खुणा कुठे बघायच्या? दहनानंतर दगड उरत नाही, पण संन्याशाला समाधी देतात. वाळकेश्वरला बाणगंगेच्या परिसरात दशनामी गोसाव्यांच्या समाध्या आहेत. तलावाच्या पायऱ्या उतरून सगळे फोटो काढतात, समाध्यांकडे फार थोडे वळतात. स्थानिक माणसाला विचारून जा, चपला बाहेर काढा.

सगळ्यात जुनं उत्तरेला आहे

शहराच्या दक्षिणेत दोनतीन सकाळी घालवल्यावर बोरिवलीला या. बोरिवली पश्चिमेला एक्सर गावात सहा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, आहेत, त्यातले काही माणसाहून उंच. वीरगळ खालून वर वाचायचा: सगळ्यात खाली लढाई, त्यावर मरण, त्यावर अप्सरा वीराला घेऊन जातात, आणि शेवटी तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. महाराष्ट्रात वीरगळ गावोगाव आहेत, पण एक्सरच्या काही दगडांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौका समुद्रात झुंजताना कोरल्या आहेत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांनी शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर याला समुद्रावर गाठून बुडवलं. हे वीरगळ त्याच लढाईचे असावेत असं अनेक अभ्यासक मानतात. मुंबईच्या किनाऱ्यावर मेलेल्या खलाशांचं एवढं जुनं स्मारक दुसरं नाही. दगडांची पूजा होते, हात लावण्याआधी विचारा.

दुसऱ्या दिवशी, सोमवार सोडून, कान्हेरी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून लेणी आत बऱ्याच अंतरावर आहेत, उद्यानाची बस मिळते. बहुतेक लोक तीन नंबरचा चैत्य बघून, माकडांना घाबरून परत फिरतात. तुम्ही पुढे चढत राहा आणि ८७ क्रमांकाच्या लेण्याकडे जाणारी वाट विचारा. खडकाच्या लांब कपारीखाली विटांच्या स्तूपांचे पाये ओळीने दिसतात, शंभराच्या आसपास. याला निर्वाणवीथी म्हणतात. इथे राहिलेल्या थोर भिक्षूंच्या अस्थींवर हे स्तूप उभारले होते. डॉ. शोभना गोखले यांनी इथल्या ब्राह्मी स्मृतिलेखांचं वाचन केलं. त्यात एकेका स्थविराचं, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूचं, नाव आणि त्याने साधनेत काय गाठलं ते नोंदलेलं आहे. साधारण पाचव्या-सहाव्या शतकातली ही दफनवीथी. शिवडीच्या रांगेत आपण नाव, साल, धंदा उतरवून घेतो, तोच प्रकार इथे दीड हजार वर्षं आधी होऊन गेला आहे. पाणी भरपूर न्या, वर काही मिळत नाही, आणि विटांवर बसू नका.

एखादं नाव शोधायचं असेल तर

घराण्यातल्या कुणाची कबर शोधत असाल तर आधी मृत्यूचं साल आणि पंथ पक्का करा. कॅथलिक असेल तर चर्चची रजिस्टरं, प्रॉटेस्टंट असेल तर त्या त्या चर्चची, बेने इस्रायल असेल तर सिनेगॉग. दफनभूमीच्या ऑफिसात तारीख सांगितली तर रजिस्टर काढून देतात, नुसतं आडनाव सांगून 'बघा ना जरा' म्हटलं तर कुणाचाही वेळ जातो. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत 'एन/३' या वर्गात आहेत. दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींवर काम करणारी बॅक्सा ही संस्था १९७६ पासून आहे. जुने नकाशे आणि सरकारी पत्रव्यवहार बघायचा तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आहेच.

हंगामाचं शेवटी सांगतो, कारण सगळे त्याची चौकशी शेवटीच करतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जून ते सप्टेंबर शिवडीत गवत कमरेपर्यंत, जमीन निसरडी आणि सापांचा वावर, त्यामुळे त्या दिवसांत सेंट थॉमस कॅथेड्रल आणि रौदत ताहेरा अशा छपराखालच्या जागा घ्या. एकटे जाणार असाल तर निघताना घरी जागा सांगून जा, दफनभूमीतून बाहेर पडायची वेळ वॉचमनला सांगून ठेवा. फाटक बंद करण्याआधी तो हाक मारायला येतो, पण एका टोकाला तुम्ही वहीत डोकं घालून बसला असाल तर त्याला कसं कळणार?